कुंडीत मढ्याच्या वासाचं फूल: घरी कोणी वाढवलंय का?

गच्चीवाला_ठाणे | १२ मे, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. मला टायटन आरम लावायचा आहे. घरी. ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो, वर सोसायटीची गच्ची आहे आणि गच्चीची किल्ली माझ्याकडे असते (ती कशी आली हा वेगळ्या धाग्याचा विषय).

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: ही सुमात्राच्या जंगलातली वनस्पती. १८७८ मध्ये ओदोआर्दो बेकारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञाने ती जगासमोर आणली. त्याने पाठवलेल्या बियांपासून लंडनच्या क्यू बागेत रोप तयार झालं आणि १८८९ मध्ये ते फुललं. जंगलाबाहेर फुलल्याची ती पहिली वेळ. १९२६ मध्ये तिथेच पुन्हा फुललं तेव्हा गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. उंची दहा फुटांपर्यंत जाते, उमललं की मेलेल्या जनावराचा वास सुटतो आणि दोन दिवसांत खेळ खलास.

बायको म्हणते, "मोगरा लाव." मुलगा म्हणतो, "लावा बाबा, मी मित्रांकडून तिकीट घेईन." मला तुमच्याकडून ऐकायचंय. आपल्या हवेत जमेल का? कंद कुठून आणायचा? आणि खरंच फुललं तर सोसायटीला काय सांगायचं?

टवाळ_तात्या | १२ मे, रात्री १०:२२

सातव्या मजल्यावरून मढ्याचा वास आला तर शेजारी आधी पोलिसांना फोन करतील, आणि पोलीस आले की तुमच्या घरातली माणसं मोजतील. त्या दिवशी वहिनींना माहेरी पाठवू नका, एवढाच सल्ला.

मीनल_पुणे | १२ मे, रात्री १०:४०

हे तेच ना, लाल पाकळ्या, पांढरे ठिपके, मीटरभर रुंद? आमच्या भिशीच्या ग्रुपवर फोटो आला होता, "हिमालयात चारशे वर्षांनी फुलणारं दिव्य फूल, दर्शन घ्या आणि अकरा जणांना पाठवा."

वनस्पतीवेडी | १३ मे, सकाळी ७:०५

मीनल, ते राफ्लेशिया. दोन्ही सुमात्रात सापडतात, दोन्हींना कुजल्याचा वास येतो, म्हणून फॉरवर्ड लिहिणारे सर्रास गल्लत करतात. हिमालयाशी दोघांचाही संबंध नाही.

राफ्लेशिया घरी लावायचा विचारही कुणी करू नये, कारण लावायला काही नसतंच. त्याला पान नाही, खोड नाही, धड मूळही नाही. टेट्रास्टिग्मा नावाच्या द्राक्षकुळातल्या वेलीच्या आत तो परजीवी म्हणून राहतो आणि बाहेर फक्त फूल येतं. एक फूल म्हणून जगात सगळ्यात मोठं तेच.

टायटन आरम म्हणजे शेकडो बारक्या फुलांचा फुलोरा. मध्ये उंच दांडा, भोवती एकच मोठी झालर. खरी फुलं त्या झालरीच्या तळाशी दांड्याला चिकटलेली असतात, खाली मादी आणि वर नर. पहिल्या रात्री मादी फुलं तयार असतात, नर फुलांचे पराग दुसऱ्या दिवशी सुटतात, म्हणून एकट्या रोपाला स्वतःचंच बी सहसा धरत नाही. बागा एकमेकींना पराग पाठवतात ते याचसाठी.

गच्चीवाले, तुमचा टायटन आपल्या सुरणाचा सख्खा भाऊ आहे बरं का. दोन्हींची प्रजात एकच, ॲमॉर्फोफॅलस.

कुडाळकर | १३ मे, सकाळी ९:३०

मी हेच लिहायला आलो होतो. सुमात्राला कशाला जाताय? आमच्या परड्यात दर वर्षी मेच्या अखेरीस, पहिल्या वळवाच्या पावसानंतर, सुरण फुलतो. जो कंद काढायचा राहून जातो आणि तीन-चार वर्षं जमिनीत सुखाने पडून राहतो, त्याला फूल येतं. आधी फूल, मग पान. जमिनीतून थेट जांभळट-तपकिरी झालर वर येते, मध्ये मेंदूसारखा सुरकुतलेला गोळा. पहिल्यांदा बघणारा माणूस मागे सरतो. आणि वास! आमच्या आईने पूर्वी म्हणे गड्याला विहिरीत कुत्रं पडलंय का बघायला उतरवलं होतं.

टायटनची सगळी मजा यात आहे. उंची तेवढी नाही, गुडघ्याएवढंच. पण बाजारात किलोने मिळतं आणि फुललं नाही तर काप करून खाता येतं. टायटनचे काप कोण खातो?

रात्रपाळी | १३ मे, सकाळी ९:४१

>> फुललं नाही तर काप करून खाता येतं

छंद असावा तर असा. +१

ह्यूस्टनचा_हर्षद | १३ मे, रात्री ८:५०

गच्चीवाले, माझ्याकडे टायटन आहे. अजून फुललेला नाही, तेव्हा मी फक्त पानाचा मालक आहे हे आधीच सांगतो. पण पान काय कमी नसतं. एका कंदातून एका वेळी एकच पान येतं. हिरव्यावर पांढरट चट्टे असलेला जाड देठ, वर तीन फांद्या, त्यांना पुन्हा फांद्या. अनोळखी माणूस त्याला झाडच समजतो. जंगलात हे एक पान वीस फूट उंच होतं. माझं छताला लागलं म्हणून कुंडी बैठकीतून मागच्या काचघरात हलवावी लागली.

आता कामाचं सांगतो.

ऊब: थंडी अजिबात सोसत नाही. रात्रीचं तापमान १८ अंशांच्या खाली गेलं की मी हीटर लावतो. दमट हवा लागते. ठाण्याचा पावसाळा त्याला स्वर्ग वाटेल, पण एप्रिल-मेमधली गच्चीवरची कोरडी झळ आणि थेट ऊन पान करपवून टाकेल. तो जंगलातल्या मोकळ्या जागी, अर्धवट सावलीत वाढतो. हिरवं जाळं लावावं लागेल.

माती: पाणी क्षणात निघून गेलं पाहिजे. मी परलाइट, बारीक प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र दगडी कण), झाडाची साल आणि थोडं कंपोस्ट घेतो. बागेतली चिकण माती अजिबात नको. या कंदाचा शत्रू एकच, सडणं. त्यात सूत्रकृमी शिरले की वरून पान ठणठणीत दिसतं आणि आत लगदा झालेला असतो.

खत: भरपूर. पान वाढत असताना तो खादाड असतो.

विश्रांती: साधारण वर्ष-दीड वर्षाने पान पिवळं पडून कोसळतं. मग काही महिने कुंडीत काहीच दिसत नाही. त्या काळात पाणी जवळजवळ बंद. कुंडी बदलायची तर हाच काळ. कंद हलक्या हाताने काढायचा, कारण सालीला खरचटलं की तिथूनच सड सुरू होते.

असं करत करत बीपासून पहिल्या फुलापर्यंत सात ते दहा वर्षं धरा. तोवर कंद पंधरा-वीस किलोंचा व्हावा लागतो. एडिंबरोच्या बागेत २०१० मध्ये एक कंद मोजला, तो १५३.९ किलोंचा भरला. उचलणाऱ्यांच्या कमरेचा विचार करा.

टवाळ_तात्या | १३ मे, रात्री ८:५८

दीडशे किलो, सातवा मजला, सामायिक गच्ची. हे बागकामाच्या विभागात का आलंय? 'बांधकाम व वास्तुदोष' मध्ये हलवा.

गच्चीवाला_ठाणे | १३ मे, रात्री ९:३०

हर्षद, फार उपयोगी माहिती, धन्यवाद. दहा वर्षांची माझी तयारी आहे. गृहकर्ज वीस वर्षांचं घेतलंय, त्यापुढे हे काहीच नाही.

ऑनलाइन 'टायटन आरम बिया, १० नग' अशा जाहिराती दिसतात, तीनशे-चारशे रुपयांत. घेऊ का?

वनस्पतीवेडी | १३ मे, रात्री १०:१०

अजिबात घेऊ नका. ही बी लाल फळातून काढल्यावर फार दिवस टिकत नाही, वाळली की मेली. पाकिटात सुकवून ठेवलेली बी म्हणजे दुसरंच काही तरी असतं. माझ्या ओळखीतल्या एकीने अशी बी मागवली, रुजलीही छान. वर आली ती पपई.

परदेशातून कंद मागवायचा तर आयात परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतात. कपड्यांच्या घडीत लपवून आणू नका. कंदाबरोबर माती, सूत्रकृमी, बुरशी असं सगळं येतं.

आणखी एक. २०१८ पासून टायटन आरम धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. जंगलात हजारापेक्षा कमी रोपं उरली असावीत असा अंदाज आहे. कारण तेच, जंगलतोड आणि तेल-पामचे मळे. त्याची फळं धनेश पक्षी खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. जंगल गेलं की धनेशही जातो. म्हणून घ्यायचंच असेल तर बागेत बीपासून किंवा पानाच्या कलमापासून केलेलं रोपच घ्यावं. पानाचा तुकडा नीट लावला तर त्याच्या बुडाशी बारका कंद धरतो.

बघायचं असेल तर भारतातही सोय आहे. केरळमध्ये वायनाडातल्या पेरियाजवळ गुरुकुल वनस्पती अभयारण्यात तो फुललेला आहे.

कुडाळकर | १४ मे, सकाळी ८:१५

वायनाडात फुलतो म्हणजे कोकणात फुलणारच. हवा तीच. पण मी पुन्हा म्हणतो, ज्याला दीडशे किलोंचा कंद पोसायचाय त्याने म्हैस घ्यावी. निदान दूध तरी देते.

ह्यूस्टनचा_हर्षद | १४ मे, संध्याकाळी ७:०५

कुडाळकर, हा युक्तिवाद मला पटत नाही. उपयोग बघून छंद केले तर गुलाबही लावायला नको, त्याऐवजी कोबी लावावा. मी रोज सकाळी काचघरात जातो, त्या देठाला हात लावतो, किती वाढला बघतो. कधी तरी कोंब वर येईल आणि तो पानाचा नसेल. त्या 'कधी तरी'साठी ऑफिसातून घरी यायला मजा येते.

कुडाळकर | १४ मे, रात्री ९:००

तुमचं बरोबर, पण आमच्याकडे तो 'कधी तरी' दर मे महिन्यात येतो आणि त्याला हीटर लागत नाही.

शकुमामी | १५ मे, दुपारी ३:२०

तुम्ही सगळे फुलं बघत बसा, आम्ही ती खातो! शेवळं विसरलात का रे? तीही याच खानदानातली. पहिला पाऊस पडला की ठाणे, कल्याण, वसईला आदिवासी बायका वाटे घेऊन बसतात. लांबट, जांभळट, मिटलेल्या कळ्या. सीकेपी घरात जूनमध्ये शेवळाची भाजी झाली नाही तर पावसाळा लागला असं मानतच नाहीत.

पण ती मिटलेलीच घ्यायची हो. उमललं की तोच तुमचा वास. आतल्या दांड्यावरचा पिवळा भाग काढून टाकायचा, नाही तर घसा असा खाजतो की डॉक्टरसुद्धा हसतो. बाकीचं बारीक चिरायचं आणि त्यात काकडं घालायचीच. काकडं म्हणजे हिरवी आंबट फळं, शेवळाच्या वाट्याबरोबरच मिळतात. ती वाटून त्यांचा रस शेवळाला लावायचा, मग खाज जाते. सोडे घालून, कोलंबी घालून किंवा खिमा घालून करा. शाकाहारी असाल तर वाल घाला. शाकाहारी शेवळं माझ्या नवऱ्याला चालत नाहीत, पण तुम्हाला सांगितलं.

मीनल_पुणे | १५ मे, दुपारी ३:४५

मामी, सविस्तर कृती टाका ना! स्वतंत्र धागा काढा.

रात्रपाळी | १५ मे, दुपारी ४:०२

मढ्याच्या वासावरून कोलंबीवर. इथे कुठलाही धागा तीन दिवसांत पाककृतीवर येतो, आज तो नियम सिद्ध झाला.

वनस्पतीवेडी | १५ मे, संध्याकाळी ६:३०

शकुमामी, शाब्बास. शेवळं म्हणजे ॲमॉर्फोफॅलस कॉम्युटेटस, पश्चिम घाट आणि कोकण हे त्याचं घरच. आणखीही भावंडं आहेत. ॲमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस ही जात १९९४ मध्ये शास्त्रात नोंदली गेली आणि ती नोंदणाऱ्यांत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे एस. आर. यादव होते. म्हणजे आपण ज्या वनस्पतीचं खूळ सुमात्रातून आणायला निघालोय, तिचं अर्धं गोत्र सह्याद्रीत आहे.

मामी, आता तक्रार. शेवळं कळीतच खुडली की त्या रोपाला त्या वर्षी बी धरत नाही. हल्ली वाटे महाग झालेत ते उगाच नाही.

शकुमामी | १५ मे, संध्याकाळी ७:१०

बाई गं, त्या बायका कंद उपटत नाहीत, कळी खुडतात. कंद राहतो जमिनीत. डोंगर खोदून बंगले बांधले की कंदच जातो, त्याचं काय?

वनस्पतीवेडी | १५ मे, संध्याकाळी ७:२५

हे शंभर टक्के मान्य.

काढेवाला | १६ मे, सकाळी ६:१०

सुरणाला आयुर्वेदात अर्शोघ्न म्हटलं आहे. मूळव्याधीवर उत्तम. ज्याच्या गच्चीत सुरण त्याला वैद्याची गरज नाही. कच्चा किसून ताकातून घ्यावा.

कुडाळकर | १६ मे, सकाळी ८:००

कच्चा?? घेऊ नका हो कोणी. सुरणात कॅल्शियम ऑक्सलेटच्या सूक्ष्म सुया असतात, त्या जिभेत आणि घशात टोचतात. आमच्याकडे चिरतानाही हाताला खोबरेल लावतात आणि चिंच-आमसुलाशिवाय तो शिजवत नाहीत. 'गजेंद्र' ही लागवडीची जात खाजत नाही म्हणून बाजारात तीच जास्त दिसते, पण परड्यातला गावठी सुरण कच्चा खाल्लात तर मूळव्याध विसराल हे खरं, कारण घसा दुसरं काही आठवू देणार नाही.

सिडनीचा_सदू | १७ मे, सकाळी ११:४०

उशिरा आलो. जानेवारी २०२५ मध्ये इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये टायटन फुलला होता, पंधरा वर्षांनी. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'प्युट्रिशिया'. बागेने लाल मखमली पडदे लावले, धुकं सोडणारं यंत्र आणलं आणि थेट प्रक्षेपण चालू केलं. आमच्या ऑफिसात दोन दिवस कोणी कामच केलं नाही, सगळे दुसऱ्या पडद्यावर एक बंद कळी बघत होते.

मी गेलो तोवर वासाचा जोर ओसरला होता. रांगेत पाय मोडले, आत गेलो, हुंगलं, आणि माझ्या पुढच्या काकूंच्या अत्तराचाच वास आला. पण पुढे रांगेत असलेला एक जण घाईघाईने तोंडाला रुमाल लावून बाहेर पडताना पाहिला, तेव्हा त्याचा हेवा वाटला.

गंमत बाजूला, एवढ्या मोठ्या बागेलासुद्धा कधी उमलेल ते नक्की सांगता येत नव्हतं. आणि शिकागोच्या बागेत २०१५ मध्ये 'स्पाइक' नावाचा टायटन बारा वर्षं वाढवला, हजारो लोक आले, आणि तो उमललाच नाही. त्याच्यात ताकद उरली नव्हती. शेवटी शास्त्रज्ञांनी लोकांसमोर त्याची झालर कापून आतली फुलं दाखवली. गच्चीवाले, मन घट्ट ठेवा.

सेक्रेटरी_साहेब | १७ मे, दुपारी १:००

मी एका सोसायटीचा सचिव आहे (कुठली ते सांगत नाही), म्हणून जबाबदारीने लिहितो. गच्ची ही सामायिक जागा असते. तिथे कुंड्या ठेवायला व्यवस्थापक समितीची लेखी परवानगी घ्या. वासाची तक्रार आली तर 'फूल आहे' हे उत्तर मासिक सभेत चालत नाही. आमच्याकडे एका सभासदाने सुकवायला घातलेल्या बोंबलांवरून विशेष सर्वसाधारण सभा झाली आहे. तुमच्या फुलाला तर दहा वर्षं मिळणार आहेत, तेवढ्यात समिती दोनदा बदलेल. म्हणून परवानगी कागदावर घ्या.

टवाळ_तात्या | १७ मे, दुपारी १:०८

ठरावाचा मसुदा: "सभासद क्र. ७०२ यांना गच्चीवर एक मढं ठेवण्यास एकमताने परवानगी देण्यात येत आहे. सूचक: मढं. अनुमोदक: माश्या."

मीनल_पुणे | १८ मे, रात्री ९:१५

वास येणारंच हवं असेल तर माझ्याकडे स्टॅपेलिया आहे. दिसतो निवडुंगासारखा, पण निवडुंग नाही. आफ्रिकेचा. छोट्या कुंडीत वाढतो, आठवडाभर पाणी विसरलात तरी चालतं. फूल मात्र ताटलीएवढं, फिकट पिवळं, त्यावर लालसर आडव्या रेषा आणि बारीक केस. जवळ जाऊन हुंगलं की कळतं. माश्या तर इतक्या फसतात की मांस समजून फुलावर अंडी घालतात. नवीन पाहुण्यांना मी मुद्दाम "वास घ्या ना, किती गोड आहे" म्हणते. सासरची मंडळी आता माझ्या बाल्कनीत येत नाहीत.

रात्रपाळी | १८ मे, रात्री ९:२०

शेवटच्या वाक्यासाठी एक रोप मलाही हवंय.

जंगलीबदाम | १९ मे, सकाळी ७:५०

मुंबईकरांना वेगळं काही लावायची गरजच नाही. माझ्या नावाचं झाड रस्त्यारस्त्यावर आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ झालेल्या फांद्यांवर तांबूस फुलं येतात आणि पूर्ण गल्ली महापालिकेला फोन करते की गटार फुटलं. स्टर्क्युलिया फिटिडा. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसला हे नाव ठेवताना नाक मुठीत धरावं लागलं असणार.

कुडाळकर | २ जून, सकाळी ६:५५

मंडळी, आला! काल रात्री वळीव झाला. कोंब आधीच दिसत होता, बुटका आणि फुगीर. पानाचा कोंब सडसडीत असतो, तिथेच ओळख पटली होती. आज पहाटे झालर पूर्ण उघडली आहे. बोंडाला हात लावला तर गरम लागतं. माश्या आहेतच, पण आत तळाशी काळे भुंगेरेही शिरलेत. खरं काम तेच करतात.

वास वर्णन करायचा झाला तर मेलेला उंदीर, त्यात सडलेला कोबी, वरून थोडा लसूण. आमची बायको पदराने नाक धरून चहा घेऊन आली आणि परड्याच्या टोकाला ठेवून गेली.

वनस्पतीवेडी | २ जून, सकाळी ७:३०

व्वा! लसूण बरोबर ओळखलात. त्या वासात गंधकाची संयुगं असतात, डायमिथाइल डायसल्फाइड आणि ट्रायसल्फाइड. शिजलेल्या कांदा-कोबीच्या वासातही ती असतात. टायटनमध्येही तीच, शिवाय घामट मोज्यांच्या वासाचं आयसोव्हॅलेरिक आम्ल. बोंड तापतं ते वास वर उडवायला. टायटनचा दांडा जवळपास माणसाच्या अंगाइतका गरम होतो आणि वास लाटांनी येतो, सतत नाही.

ही उष्णता कशाने सुरू होते ते १९८७ मध्ये सापडलं, सुरणाच्याच कुळातल्या सॉरोमॅटमवर काम करताना. कारण निघालं सॅलिसिलिक आम्ल. म्हणजे ॲस्पिरिनचं भावंड. आपण ताप उतरवायला घेतो, ते ताप चढवायला वापरतं!

हे सॉरोमॅटम आपल्या घाटातही उगवतं. त्याचा कंद माती-पाण्याविना टेबलावर ठेवला तरी फुलतो. गच्चीवाले, सातव्या मजल्यासाठी हेही एक.

गच्चीवाला_ठाणे | २ जून, रात्री १०:४०

सगळं नीट वाचलं, दोनदा. कुडाळकर, अभिनंदन. तुमचा उत्साह बघून मंडईतून अखंड सुरण आणलाय, साडेपाच किलोंचा. भाजीवाला विचारत होता, कापू का? मी म्हटलं, हात लावू नका. डोळा वर करून मोठ्या ग्रो-बॅगेत ठेवलाय, निम्मी माती, कंपोस्ट, थोडी वाळू. यंदा पान येऊ द्या, पुढच्या दोन वर्षांत बघू.

टायटन सोडलेला नाही. हर्षद, तुमच्या कंदाला पिल्लू झालं आणि कागदपत्रं करून पाठवता आलं तर माझं नाव यादीत पहिलं.

फक्त वासाचा प्रश्न सुटला नाही. सचिव साहेबांचं वाचून झोप उडाली आहे.

ह्यूस्टनचा_हर्षद | ३ जून, पहाटे ५:१०

यादीत नाव टाकलं. टायटन सहसा पिल्लं देत नाही, तेव्हा पानाचं कलम करावं लागेल. घाई करू नका.

वासावर उपाय आहे. तो दांड्याच्या वरच्या वांझ भागातून येतो, सुरणात त्या सुरकुतलेल्या गोळ्यातून. खाली मादी-नर फुलं वेगळी. उमलल्यावर वरचा भाग धारदार सुरीने कापून पिशवीत बांधून फेकला की वास बंद. बी धरवायचं असेल तर खालच्या फुलांवर ब्रशने पराग टाका. आमच्या इथले काही हौशी लोक कोंजॅक (जपानी लोक ज्याच्या पिठाचं कोन्याकू करतात तो कंद) असाच बैठकीत ठेवतात.

कुडाळकर | ३ जून, सकाळी ७:२०

वास कापून टाकायचा तर मग फुलवायचं कशाला? प्लॅस्टिकचं आणा.

मीनल_पुणे | ३ जून, सकाळी ८:०५

कुडाळकरांशी सहमत. वासाशिवाय ते फूल म्हणजे नुसता भयंकर रंगाचा कागद.

सेक्रेटरी_साहेब | ३ जून, सकाळी ९:३०

मी हर्षद यांच्याशी सहमत. ठरावात 'गोळा कापण्याच्या अटीवर' असे शब्द घालावेत.

टवाळ_तात्या | ३ जून, सकाळी ९:३४

मधला मार्ग काढा. पहिली रात्र वास येऊ द्या, सकाळी कापा. सोसायटीला आधी नोटीस लावा: "शनिवारी रात्री गच्चीवर सुरणाचा वास सुटेल. ज्यांना हुंगायचंय त्यांनी वर यावं, ज्यांना नको त्यांनी खिडक्या लावाव्यात. चहा-भजी आहेत." बघा, समितीच सगळ्यात आधी वर येईल.

गच्चीवाला_ठाणे | ३ जून, रात्री ९:००

तात्या, पहिल्यांदाच तुमचा सल्ला वापरण्यासारखा आहे. भजी सुरणाचीच करू.

शकुमामी | ५ जून, दुपारी १२:१५

कल्याण स्टेशनबाहेर आज शेवळं आलीत, वाटा शंभरला. काकडं मात्र कुठेच दिसली नाहीत. कोणाला बदलापूर-नेरळकडे दिसली तर इथे लगेच लिहा, उद्या रविवार आहे आणि कोलंबी आणून ठेवली आहे.